सोयाबीनचा हिशोब दिवाळीपासून मांडा

सोयाबीनचा हिशोब बहुतेक घरांत मृगापासून सुरू होतो. बियाण्याच्या बॅगा किती, खताची पोती किती, ट्रॅक्टरवाल्याचे किती. माझं सांगणं असं की हा हिशोब दिवाळीपासून मागे मांडत यावा. त्या महिन्यात घरात किती रोकड लागणार आहे आणि ती सोयाबीन न विकता कुठून उभी राहील, हे जूनमध्येच ठरलेलं असेल, तर पुढच्या पुष्कळ गोष्टी आपल्या हातात राहतात. ठरलेलं नसेल, तर उत्तम पिकलेलं सोयाबीनही चुकीच्या दिवशी अडतीवर जाऊन पडतं.

मी पुण्यात धायरीला राहतो. जमीन औसा तालुक्यात, कोरडवाहू, वडिलोपार्जित. शेत दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, कसतात. खर्चातला माझा वाटा इथून जातो आणि कागदपत्रं, विमा, विक्री यांचं मी पाहतो. हडपसर, वाघोली, चिंचवड या पट्ट्यात आमच्यासारखी घरं भरपूर आहेत. पगार पुण्यात आणि सातबारा लातूर, धाराशिव, बीड नाहीतर परभणीत. त्या घरांसाठी आणि गावाकडे प्रत्यक्ष शेत कसणाऱ्या त्यांच्या भावांसाठी हे लिहितो आहे.

आधी बियाण्याबद्दल, कारण पहिला तडाखा आम्हाला तिथेच बसला. २०१९च्या काढणीला पाऊस लागून राहिला होता. शेतात उभं आणि बनीम लावून झाकलेलं, दोन्ही सोयाबीन भिजलं. त्याचा परिणाम पुढच्या जूनमध्ये दिसला. २०२०च्या खरिपात बियाणं उगवलं नाही, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. आमच्या एका तुकड्यात निम्मीच रोपं वर आली. दुबार पेरणी करावी लागली आणि उशिरा पेरलेलं पीक शेंगा भरताना पावसाच्या ताणात सापडलं. बॅग पक्क्या पावतीची होती, लेबल होतं, तरीही. बॅगेवरचा उगवणशक्तीचा आकडा ती तपासली त्या दिवसाचा असतो. त्यानंतर ती बॅग किती गोदामांतून फिरली आणि किती वेळा आपटली गेली, हे त्यावर लिहिलेलं नसतं. सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं आणि अंकुर अगदी त्याला लागून असतो. पोतं उंचावरून टाकलं की वरून धडधाकट दिसणारा दाणा आतून मेलेला असू शकतो.

तेव्हापासून आमच्या घरात मे महिन्यात उगवण तपासल्याशिवाय पेरणीचं बोलणं निघत नाही. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात रांगेनं मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, ओल टिकवायची आणि आठवड्यानं निरोगी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर हेक्टरी सत्तर-पंचाहत्तर किलोची नेहमीची मात्रा पुरते. थोडे कमी आले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं. साठच्या खाली गेले तर ते बियाणं पेरायचंच नाही, कितीही महाग घेतलेलं असो. हा प्रयोग फुकट आहे आणि एकरी काही हजार वाचवतो. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक असल्यानं घरचं बियाणं दोन-तीन वर्षं सहज वापरता येतं. फक्त बियाण्यासाठी ठेवायच्या तुकड्याची मळणी वेगळी करावी, मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवावेत, पोत्यांची थप्पी उंच लावू नये. पेरणीआधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियमसारखी जिवाणू खतं, हा बीजप्रक्रियेचा क्रम मोडू नये. खोडमाशीचा पहिला बंदोबस्त तिथेच होतो.

वाणाच्या बाबतीत पुण्यात राहणाऱ्यांनी जास्त सावध असावं, कारण बातम्या आपल्यापर्यंत आधी येतात. आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झाली. 'एमएसीएस' नावाचे सोयाबीन वाण तिथलेच. २०२१ साली त्यांच्या 'एमएसीएस १४०७' या वाणाची बातमी सगळीकडे झळकली: हेक्टरी ३९ क्विंटल, शेंगा फुटत नाहीत. मला गावाकडून फोन आले, तुमच्या पुण्यातच आहे, चार बॅगा पाठवा म्हणून. पण त्या वाणाची शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी होती. संशोधकांचं काम अव्वल आहे, पण शिफारस क्षेत्र न वाचता वाण आणणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपण लावण्यासारखं आहे. आमच्या भागात परभणी कृषी विद्यापीठाचे एमएयूएस १५८, १६२, ६१२ हे वाण आहेत. राहुरी विद्यापीठाच्या सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रातून आलेले फुले संगम आणि फुले किमयाही आता सगळीकडे दिसतात. एकच वाण सगळ्या रानात पेरू नये, हे मात्र मी ठासून सांगतो. लवकर येणारा आणि उशिरा येणारा असे दोन ठेवले की ऑक्टोबरचा एकच पाऊस सगळं पीक एकदम गाठू शकत नाही. मजूरही एकाच आठवड्यात सगळे लागत नाहीत.

पेरणीची तारीख पावसावर सोडावी, शेजाऱ्यावर नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्याशिवाय तिफण हलवू नये. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ पासून पुण्यातूनच चालतो, आणि जिल्हावार कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो मी दादांना पाठवतो. निर्णय त्यांचा असतो, कारण रानात पाय त्यांचे असतात.

आता पैशाकडे येतो. एकरी किती पिकलं, हे सगळे सांगतात. एक क्विंटल पिकवायला किती खर्च आला, हे फार थोड्यांना माहीत असतं. समजा बियाणं, खत, पेरणी, कोळपणी, फवारण्या, काढणीचं गुत्तं, मळणी आणि वाहतूक धरून एकरी २२,००० रुपये गेले. एकरी आठ क्विंटल पिकलं तर क्विंटलला २,७५० रुपये पडले. पाचच पिकलं तर ४,४०० रुपये. बाजारात ४,२०० रुपये भाव असेल तर पहिल्या शेतकऱ्याच्या हातात एकरी ११,६०० उरतात आणि दुसरा हजार रुपयांनी खाली जातो. भाव दोघांना एकच मिळाला. शासनाच्या हमीभावामागचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये धरला तो ३,५५२ रुपयांच्या उत्पादन खर्चावर पन्नास टक्के चढवून. त्या खर्चात बी-खत-मजुरी आहे, घरच्यांच्या श्रमाचं मोल आहे. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचं व्याज नाही.

म्हणून ठोक्यानं जमीन घेऊन सोयाबीन करणाऱ्या तरुणांची मला फार काळजी वाटते. वरच्याच उदाहरणात एकरी १२,००० रुपये ठोका मिळवा. खर्च ३४,००० होतो. आठ क्विंटल पिकूनही क्विंटलला ४,२५० पडतात. म्हणजे चांगलं पीक आणि तोच ४,२०० रुपयांचा भाव, दोन्ही मिळूनही वर्षभराची मेहनत फुकट. हा हिशोब कागदावर मांडला असता तर आमच्या गावातल्या दोघा-तिघांनी शेजारची रानं घेतलीच नसती. ठोका घ्यायचाच असेल तर पीक कसंही आलं तरी ठरावीक रक्कम देण्यापेक्षा वाट्याचा करार करावा, म्हणजे वाईट वर्षात ओझं दोघांत वाटलं जातं.

खर्च कमी करायचा म्हणून लोक खतात आणि निंदणीत हात आखडतात आणि फवारणीत सढळ सोडतात. ते उलटं हवं. सोयाबीन नत्र स्वतः तयार करतं. पेरणीच्या वेळी दिलेल्या थोड्या नत्रानंतर वरून युरिया टाकला की पीक नुसतं माजतं, दाट होतं आणि अळीला आवडतं. स्फुरद आणि गंधक मात्र पेरणीबरोबर द्यावंच. फवारणीच्या बाबतीत दुकानातून मिळणारं तीन-चार औषधांचं एकत्र मिश्रण हा आमच्या भागातला सर्वांत मोठा वायफळ खर्च आहे. अळी किती आहे, चक्री भुंग्यानं किती फांद्या वाळवल्या, हे रानात जाऊन मोजावं आणि मगच औषध आणावं. २०२३ मध्ये ऑगस्ट कोरडा गेला, पाठोपाठ पिवळ्या मोझॅकनं रानं पिवळी पडली. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. सुरुवातीलाच रोगट झाडं उपटून नष्ट करणं आणि पिवळे चिकट सापळे लावणं, यानं जे साधतं ते नंतरच्या महागड्या फवारणीनं साधत नाही. त्याच वर्षी रुंद वरंबा-सरीवर (बीबीएफ) पेरलेल्या आमच्या तुकड्यानं ताण बराच सोसला. पुढे जास्त पाऊस झाला तेव्हा त्याच सऱ्यांनी पाणीही काढून दिलं. बीबीएफ यंत्र भाड्यानं मिळत असेल तर त्याचे पैसे देताना मागे-पुढे पाहू नये.

तुरीचं आंतरपीक मी आता नियम म्हणूनच पाळायला सांगतो. सोयाबीनच्या चार ओळी, तुरीच्या दोन. तुरीचा पैसा डिसेंबर-जानेवारीत येतो, तिचा भाव सोयाबीनच्या भावाच्या मागे धावत नाही, आणि सोयाबीन वाहून गेलं तरी रान पूर्ण मोकळं राहत नाही. २०२४ मध्ये सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं जात होतं. त्याच वर्षात तुरीनं क्विंटलला दहा हजारांच्या वरचा भावही पाहिला.

आणि मग विक्री. २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीननं दहा हजारांचा आकडा ओलांडला. त्या वेळी शेतकऱ्यांकडे माल जवळपास नव्हताच. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली, नवा माल यायला लागला आणि दिवाळीआधी भाव पाच हजारांच्या आसपास आला. ज्यांना लगेच विकावं लागलं त्यांनी तिथे विकलं. ज्यांना थांबता आलं त्यांना २०२२च्या उन्हाळ्यात सात हजारांच्या वर मिळाले. या एका वर्षानं आमच्या भागाला एक धडा शिकवला, आणि तो धडाच पुढे महाग पडला. २०२२चं सोयाबीन लोकांनी सात-आठ हजारांच्या आशेवर कोठीत ठेवलं. भाव साडेपाच हजारांवरून हळूहळू पाच हजारांच्या खाली गेला. काहींनी तेच पोतं २०२४ मध्ये चार-सव्वाचार हजारांना काढलं, तेही वजनात घटलेलं आणि डागी. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबानं मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला माल असाच विकला आणि उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढलं. त्या घरात कष्टांची कमी नव्हती.

भाव असा का वागतो, हे समजून घेतलं तर आशेला लगाम बसतो. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्केच असतं, बाकी मुख्यतः पेंड. त्यामुळे तेल महागलं म्हणून सोयाबीन चढेलच असं नाही. पेंडीला कोंबडीखाद्याची मागणी किती, यावर पुष्कळ अवलंबून असतं. अलीकडे मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा डीडीजीएस नावाचा प्रथिनयुक्त चोथा खाद्यात वापरला जातो, आणि त्यानं पेंडीची जागा खाल्ली आहे. ब्राझील आणि अमेरिकेचं पीक मोठं असेल तर जगातली पेंड स्वस्त होते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं पुन्हा कमी केलं. सोयाबीनच्या वायद्यांवर २० डिसेंबर २०२१ पासून बंदी आली आणि ती वाढतच गेली, म्हणजे पुढचा भाव आज बांधून ठेवण्याचा मार्ग शेतकरी कंपन्यांनाही उरला नाही. यातली एकही गोष्ट औशाच्या शेतकऱ्याच्या हातात नाही. म्हणून भावाचा अंदाज बांधण्यात बुद्धी खर्चू नये. एकाच भावावर सगळं पणाला लागणार नाही, एवढं पाहावं.

आम्ही मालाचे तीन वाटे करतो. पहिला वाटा मळणीनंतर लगेच, काढणीचं गुत्तं आणि मळणीचे पैसे भागवण्यापुरता. दुसरा हमीभाव केंद्रावर. तिथे नोंदणी वेळेत करावी लागते, ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ मध्ये ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, पण दरवर्षी तसं होईल असं धरू नये. बारदाना संपून खरेदी थांबते, पैसे उशिरा येतात. म्हणून या वाट्यावर सणाचा खर्च टेकवू नये. तिसरा वाटा थांबण्याचा, त्याला शेवटची तारीख आधीच ठरवलेली. आमच्याकडे ती मार्चअखेर. त्या दिवशी जो भाव असेल तो. तारीख ठरवून विकणं मनाला जड जातं, पण तारीख नसलेलं थांबणं २०२२ नंतर किती घरांना भोवलं ते मी पाहिलं आहे.

थांबण्यासाठी शेतमाल तारण योजना वापरावी. कृषी पणन मंडळ, ज्याचं मुख्यालय पुण्यात गुलटेकडीला आहे, ही योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालवतं. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी मिळते. २० क्विंटल माल ४,२०० रुपयांनी धरला तर किंमत ८४,०००, कर्ज ६३,०००, सहा महिन्यांचं व्याज १,८९०. म्हणजे क्विंटलमागे साधारण ९५ रुपये. वजनात एक टक्का घट धरली तर आणखी ४२. भाव क्विंटलला दीडशे रुपयांनी तरी वाढेल असं वाटत नसेल तर माल अडकवण्यात अर्थ नाही. हा हिशोब मनात असला की थांबणं आणि विकणं दोन्ही डोळसपणे होतं.

पण अडत्याकडून जूनमध्ये उचल घेतलेली असेल तर यातलं काहीच जमत नाही. माल त्याच्याकडेच जातो, त्याच्याच दिवशी, त्याच्याच चाळणीनं. कृषी सेवा केंद्राच्या उधारीचंही तेच. तिथे व्याज वेगळं लिहिलेलं नसतं, औषधाच्या किमतीतच असतं. मुदतीत फेडलं तर राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं. तेवढ्यासाठी सोसायटीचं वा बँकेचं खातं थकू देऊ नये. आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या भावानं खरी मदत करायची असेल तर नुकसान झाल्यावर पैसे पाठवण्यापेक्षा दर महिन्याला थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी आणि ती ऑक्टोबरमध्ये गावाकडच्या घराला द्यावी. दादांनी शांतपणे थांबून विकलेलं पहिलं सोयाबीन याच पैशाच्या बळावर विकलं गेलं.

विम्याबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये आलेला एक रुपयातला विमा २०२५च्या खरिपापासून बंद झाला. शेतकऱ्याला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता भरावा लागू लागला, आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर आली. म्हणजे ओढ्याकाठचं तुमचं एकट्याचं रान वाहून गेलं आणि मंडळाचं सरासरी उत्पन्न टिकलं, तर हाती काही येणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्यात पिकांबरोबर मातीही खरवडून नेली. विमा काढावाच, पण नियम दरवर्षी वाचून काढावा, आणि त्याच्या भरवशावर कर्ज उचलू नये.

शेवटचं पुणेकरांसाठी, आणि इथे घराघरांत माणसं दुखावली जातात. ई-पीक पाहणी शेतात उभं राहूनच करावी लागते. ती राहिली तर विमा, हमीभाव खरेदी आणि मदत, तिन्ही अडकतात. २०२३च्या खरिपातल्या सोयाबीनसाठी शासनानं हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरपर्यंत दिले, तेव्हा सामाईक खातेदारांच्या संमतीपत्रांवाचून कितीतरी नावं मागे राहिली. एक भाऊ गावात, दुसरा कोथरूडला, बहीण सुरतेला, आणि सही मिळेना. तलाठ्यापाशी काय लागतं ते विचारून ही संमती पेरणीआधीच तयार करून ठेवावी. मदतीची रक्कम सातबाऱ्यावरच्या नावाच्या खात्यात येते. कसणारा भाऊ किंवा बटईदार वेगळा असेल तर बी, खत आणि रात्रीची राखण त्याची होती. ती रक्कम कोणाची, किती आणि जमा झाल्यावर किती दिवसांत पोचती करायची, हे जूनमध्येच दोघांच्या सहीनं कागदावर लिहून घ्यावं. आमच्या घरात ती पूर्ण दादांची असं लिहिलेलं आहे, आणि त्या कागदाची एक प्रत वहिनींकडे आहे.